कोरडा फडका

मी एक जुना सॅक्सोफोन आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना जरा हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण आधी माझा राग ऐकून घ्या. हळवेपणा उरलाच तर शेवटी बघू.

घोडबंदर रोडवरच्या एका टोलेजंग सोसायटीच्या वर्धापन दिनाची रील अजून फोनाफोनांतून फिरते आहे. तीत पांढरा झगा घातलेली तेरा वर्षांची एक मुलगी मला गळ्यात अडकवून उभी दिसते. मागे फुगे आहेत, धूर आहे, आणि एका जुन्या हिंदी सिनेगीताची धून सॅक्सोफोनवर मोठ्या झोकात वाजते आहे. त्या धुनेतला एकही सूर माझा नाही. हे मी आधीच बजावून सांगतो, म्हणजे पुढे कुणी माझं कौतुक करायला नको.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी मेरठच्या एका कारखान्यातला. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून मला घडवलं आणि वरून सोनेरी मुलामा दिला. मुंबईच्या एका दुकानातून मला खडवलीजवळच्या एका गावातला गोपीनाथ घेऊन आला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि बँडमध्ये वाजवू लागला होता. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा असतो. मांडवात बँड उभा राहतो, गाण्याची चाल सॅक्सोफोन आणि ट्रंपेट धरतात, आणि नवरदेवाच्या आत्यापासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळे नाचतात. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत अशा किती मांडवांत मी वाजलो, त्याला गणती नाही. नाचणारे येताजाता हळद फासायचे, ती माझ्या चाव्यांच्या सांध्यांत जाऊन बसली. अजूनही तिथे पिवळी रेघ दिसते. एका चावीची स्प्रिंग तुटली, तेव्हा गोपीनाथने दुधाच्या पिशवीचं रबर ताणून बांधलं. ते रबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलावं लागतं, पण काम चोख करतं.

गोपीनाथची आई गोदा धवलारीण होती. लग्नात विधी चालू असताना धवले, म्हणजे लग्नविधींची जुनी गाणी, गाणारी बाई ती धवलारीण. तिचा आवाज थकला, तेव्हा गोपीनाथने तिचा एक धवला माझ्यावर बसवला. हळदीची गाणी वाजवून सगळे दमले की तो शेवटी हा धवला धरायचा, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. गोदा गेल्यावर तिच्या जुन्या लुगड्याचा एक पट्टा गोपीनाथने फाडून घेतला. त्याला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला मासे धरायच्या जाळ्याचं शिसं लावलं. वाजवून झालं की ते शिसं तो माझ्या कर्ण्यातून आत सोडायचा, मला उलटं धरून दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा आणि फडका आरपार ओढायचा. माणूस खरोखर वाजवतो, तेव्हा त्याचा श्वास माझ्या आत पाणी होऊन साचतो. फडका ओला होऊन निघतो. पहिल्या दिवसापासून दर वेळी तो ओलाच निघाला. या फडक्याला गोपीनाथ आपल्या बोलीत 'फरका' म्हणतो. तो लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी गोपीनाथचे वरचे पुढचे दात गेले. माझ्या माउथपीसवर त्याच्या दातांच्या दोन खाचा पडल्या आहेत, त्या जागी टेकवायला त्याच्याकडे आता काही नव्हतं. कवळी बसवून पाहिली, ती वाजवताना हलायची. बँडवाल्यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी कीबोर्ड आणला, त्यात एक बटण दाबलं की म्हणे माझा आवाज येतो. माझा आवाज! ज्याला ना श्वास, ना थुंकी, ना दम लागणं, तो माझा आवाज! गोपीनाथने मला पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर ठेवली.

तिथून मला खाली उतरवलं ते कल्पिताने, त्या रीलमधल्या मुलीने. तिची आई नंदा आमच्याच गावची माहेरवाशीण. दात जायच्या आधीच्या एका हळदीत ही पोर नाचायचं सोडून दोन तास माझ्या कर्ण्यासमोर उभी राहिली होती. दुसऱ्या वर्षी ती आईला घेऊन थेट गोपीनाथच्या दारात आली.

"मास्तर, मला शिकवाल?"

"माझे दात गेले गो. वाजवून दाखवता येनार नाय."

"मग गाऊन दाखवा ना."

गोपीनाथ खळखळून हसला. त्याचं ते हसू मी पेटीतून फार दिवसांनी ऐकलं.

दर रविवारी नंदा लेकीला घेऊन खडवलीला यायची. पहिला महिनाभर एकच सूर लांबवायचा, दुसरं काही नाही. त्या महिन्यात मी हंबरलो, किंचाळलो, म्हशीने लाजावं असे आवाज काढले. गोपीनाथ न कंटाळता म्हणायचा, "आदी गा, मंग फुंक. जे तोंडान नाय, ते सॅक्सान कुठून येल?" रीडला तो पत्ती म्हणतो. माउथपीसला लावायची ती बांबूच्या जातीची पातळ पत्ती वाजवण्यापूर्वी जिभेवर भिजवायची, तरच ती थरथरते, हेही त्यानेच शिकवलं. ती पत्ती म्हणजे माझी जीभ आहे, मित्रांनो. आणि शिकवणी संपली की फडका आलाच. तो किती ओला झाला ते बघून गोपीनाथ ठरवायचा, आज पोर मनापासून वाजवत होती की नाही. तोंडाने कौतुक त्याने कधी केलं नाही.

चौथ्या महिन्यात त्याने मला कल्पिताच्या घरी जाऊ दिलं. "सॅक्स सध्या उसना नेयाचा," तो म्हणाला. "लोकांसमोर माझे आयचा धवला वाजवशील त्या दिवशी तो तुझा. पन याला मुका ठेवाचा नाय, पोरी. कबूल?" कल्पिताने कबूल केलं. मी साक्षीला होतो.

घोडबंदर रोडवरचं घर एकविसाव्या मजल्यावर. तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली, की कुठल्या तरी फ्लॅटमधून भोंगा वाजतो आहे आणि लोकांच्या मीटिंगा खराब होत आहेत. तक्रार सांस्कृतिक समितीच्या सेक्रेटरी शुभदाताईंची होती. खाली सतरा अंगठे. मग कल्पिता कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, माझा कर्णा गोधड्यांमध्ये खुपसून सराव करू लागली. मांडव गाजवलेला मी, बाबांच्या कोटांना आणि आईच्या शालींना धवला ऐकवत होतो. तरी मी तक्रार केली नाही. फडका रोज ओला निघत होता.

आठ महिन्यांनी वर्धापन दिन आला, आणि त्याच शुभदाताईंना एकदम आठवलं की आपल्या टॉवरमध्ये सॅक्सोफोन वाजवणारी मुलगी आहे. सॅक्सोफोन व्हिडिओत भारी दिसतो ना! कल्पिताने गोपीनाथला फोन केला. फोनवर तो इतकंच म्हणाला, "येतो." दातांच्या डॉक्टरकडे जायला जो माणूस तीन वेळा टाळाटाळ करतो, तो कार्यक्रमाच्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून, खडवलीहून कल्याण, कल्याणहून ठाणे आणि पुढे बस असं करत सकाळी नऊला हजर झाला. हातात पिशवी, पिशवीत फडका. त्याला कुणीतरी मागच्या रांगेत खुर्ची दाखवली.

मंडपामागे देवेश नावाचा कार्यक्रमवाला होता. त्याच्या कानात एक यंत्र, हातात दोन फोन. त्याने मला पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे रबर काय लावलंय? आणि ही पिवळी घाण?" माझ्या चाळीस वर्षांना तो घाण म्हणाला. मग त्याने खरी गोष्ट सांगितली.

"बेटा, तू वाजवायचं नाहीये. ट्रॅक आहे, एकदम परफेक्ट. तू फक्त फील दे."

"पण मी धवला बसवलाय," कल्पिता म्हणाली. "मास्तर आलेत ऐकायला."

"धवला कोण ओळखणार इथे? पाहुणे लेट आहेत, साउंड चेकला टाइम नाही. एक सूर हुकला तर व्हिडिओची वाट लागेल."

कल्पिताने बाबांकडे पाहिलं. तिचे बाबा मितेश तसे चांगले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी त्यांना काय झालं होतं कोण जाणे. "एकदाच करायचंय ना बाळा," ते म्हणाले. "सगळेच करतात असं. शुभदाकाकूंना नाराज नको करू." नंदा पाहुण्यांच्या आरतीचं ताट धरायला गेली होती, नाहीतर तिने दोघांना तिथेच सुनावलं असतं.

तेवढ्यात देवेशला शंका आली. "चुकून फुंकलंस तर? आवाज यायला नको हं."

आणि मित्रांनो, कल्पिताने पत्ती काढली. कुणी हिसकावली नाही. तिने स्वतः स्क्रू सैल केले, माझी जीभ ओढून घेतली आणि झग्याच्या खिशात टाकली. टाकण्याआधी तिने ती जपून रुमालात गुंडाळली, हे मी मान्य करतो. पण म्हणून मी तिला माफ करावं का? देवेशवर मी रागावलो, शुभदाताईंवर रागावलो, मितेशवर रागावलो, पण सगळ्यात जास्त रागावलो ते तिच्यावर. बाकीच्यांनी मला कधी ऐकलेलंच नव्हतं. तिने ऐकलं होतं.

चार मिनिटं मी तिच्या ओठांत मुका उभा राहिलो. स्पीकर गर्जत होते. लोकांनी फोन उंच धरले होते, त्यामुळे माझ्याकडे खरं कुणी पाहतच नव्हतं. टाळ्या झाल्या. 'उत्कृष्ट सॅक्सोफोन वादन' असं कोरलेली ट्रॉफी शुभदाताईंनी कल्पिताच्या हातात दिली आणि माझ्या कर्ण्यात एक गुलाब खोचला. मी फुलदाणी आहे का?

गोपीनाथ मंडपामागे आला. गाणं बदललं हे त्याला कळलं होतं. ते गाणं तिचं नव्हतं, हेही त्या कानांना कळलंच असणार. पण आपल्या शिष्येबद्दल वाईट मानायला माणूस सहजासहजी तयार होत नाही. त्याने गुलाब काढून बाजूला ठेवला, मला हातात घेतलं आणि पिशवीतून फडका काढला. शिसं माझ्यातून खडखडत गेलं. त्याने फडका ओढला, हातात धरला, बोटांनी चाचपला. मग पुन्हा एकदा आरपार ओढला.

"फरका सुका हाय गो," तो म्हणाला.

कल्पिता रडू लागली. खिशातून पत्ती काढून तिने पुढे केली. गोपीनाथने ती घेतली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मला पेटीत झोपवलं. "सॅक्स माझ्यासंगं येतंय," एवढंच म्हणून तो निघाला. तो तिला ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी पुन्हा कपाटावर होतो. खाली काय घडलं ते पुढच्या रविवारी नंदाने गोपीनाथला सांगितलं, तेव्हा मला कळलं. कल्पिताने आईच्या फोनवरून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं: "त्या रीलमध्ये मी वाजवलेलं नाही. ट्रॅक होता. माझ्या मास्तरांनी शिकवलेलं तुम्ही ऐकलेलंच नाही." ट्रॉफी तिने शुभदाताईंच्या दारात नेऊन ठेवली. शुभदाताईंनी तो मजकूर दहा मिनिटांत काढून टाकला आणि रील तशीच ठेवली. भोंग्याची तक्रार मात्र त्या ग्रुपवर अजून आहे. मितेशने आधी आरडाओरडा केला. मग त्या रविवारी तोच या दोघींना गाडीने खडवलीला घेऊन आला आणि अंगणातच उभा राहिला.

"मास्तर, सॅक्स नका देऊ," कल्पिता म्हणाली. "फक्त एकदा वाजवू द्या."

गोपीनाथने पेटी उतरवली. पत्ती तिच्या हातावर ठेवली. तिने ती जिभेवर किती वेळ भिजवली म्हणून सांगू! आधी तिने धवला गायला, मग फुंकला. शेजारच्या ओटीवर तीन म्हाताऱ्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपं खाली ठेवली आणि त्या दारात आल्या. दुसऱ्या ओळीवर कल्पिता अडली. तिचा श्वास पुरला नाही, सूर तुटला. तेव्हा त्यातल्या एकीने गोदाचे शब्द उचलले, दुसरीने साथ दिली, आणि पोरीने दम घेऊन त्यांच्या मागोमाग चाल पुन्हा धरली. शेवटपर्यंत दोनदा चुकली, तरी तिने सोडलं नाही. अंगणातला मितेश खाली मान घालून ऐकत होता.

गोपीनाथने शिसं सोडलं, फडका ओढला. त्याच्या टोकावरून पाण्याचा थेंब शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला.

"लोकांसमोर वाजव म्हनलो होतो. ही लोका नाय का?" दारातल्या बायांकडे बोट करून तो म्हणाला आणि तो ओला फडका त्याने कल्पिताच्या हातात दिला. "आजपासून हा फरका तूच धुवाचा."

तर मित्रांनो, मी पुन्हा एकविसाव्या मजल्यावर आहे. कपाटात डोकं घालणं बंद झालं आहे. संध्याकाळी सहा ते सात खिडकी उघडी असते, आणि ज्यांना तक्रार करायची ते करोत. आता माझी एकच विनंती आहे. वाद्य स्वच्छ ठेवा, पुसा, जपा, असं सगळेच तुम्हाला सांगतात, तेही करा. पण आधी ते वाजवा. चुकत, अडखळत, दम लागेपर्यंत, खरंखरं वाजवा. आमच्यात पुसण्यासारखं काहीतरी उरू द्या.