सातव्या दगडाची पाचर

“सातव्या दगडाच्या पायाशी कुणाला उतरू द्यायचं नाही. का, ते सांगायचं नाही. आणि जमेल तेव्हा ती पाचर जिथली तिथे नेऊन ठेवायची.”

बाबांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि दोन दिवसांनी ते गेले. त्याला अकरा वर्षं झाली.

पाचर म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागचा काळा धोंडा. दार आपोआप मिटतं, म्हणून तो तिथे. दोन्ही हातांत मावेल न मावेल एवढा, एका अंगाने भाजून लालसर झालेला. वहिनी दिवसातून एकदा तरी त्याला ठेचकाळते आणि म्हणते, “या घरात माणसं तीन आणि धोंडे चार!” दादा हसतो. मला कधी हसू आलं नाही.

वस्तीबाहेरच्या माळावर चौदा उभ्या दगडांचं वर्तुळ आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. एकेक दगड दोन पुरुष उंच. त्यातला सातवा आडवा झाला होता, तो बेचाळीस वर्षांपूर्वी बाबांनी साखळ्या-कप्प्या लावून उभा केला. माळावरच्या कचेरीत त्यांचा फोटो आहे, दगडाला पाठ लावून उभे, खाली लिहिलंय ‘उस्ताद’. गेल्या वर्षी तिथे पुन्हा खोदकाम सुरू झालं. दादा तिथला मुकादम आणि मी नकाशे काढणारी. रोज सकाळी पहिला कागद लावण्याआधी अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं, मग ओळंबा सोडायचा आणि दगडाची रेघ कागदावर उतरवायची, असा माझा नेम.

मॅडम, म्हणजे खोदकामाच्या प्रमुख, एकेका दगडाचा पाया उघडत चालल्या होत्या. त्यामुळे तो कसा उभा केला, ते आम्हाला उलट्या क्रमाने दिसायचं. त्या लोकांनी एका बाजूने उतरता खड्डा खणला. ओंडक्यांवरून दगड सरकवत आणला, त्याचा पाय उतारावरून खाली सोडला आणि दोर लावून समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत ओढला. मग उताराची मोकळी बाजू लहान दगडांनी ठोकून भरली. सगळ्यांत शेवटी टाचेशी एक काळी पाचर. ती बसली की दगड बसला.

सहा पाये उघडले, सहा काळ्या पाचरी निघाल्या. सगळ्या एका अंगाने भाजलेल्या.

“हे चुलीतले दगड आहेत,” मॅडम म्हणाल्या. आम्ही चहाचे पेले घेऊन भोवती उभे होतो. “हे देऊळ नाही, थडगं नाही, पंचांग तर नाहीच. चौदा घरांनी आपापल्या चुलीतला एकेक दगड काढून इथे ठोकला. चुलीचा दगडच गाडून टाकला, आता उठून कुठे जाणार? एकमेकांसमोर उभं राहून दिलेला शब्द आहे हा. आम्ही इथून हलणार नाही.”

मी पेला खाली ठेवला. चाळीस वर्षं आम्ही कुणाच्या तरी चुलीचा दगड दाराला लावला होता.

“उद्या सातवा,” दादा म्हणाला.

प्रत्येक पाया उघडण्याआधी तिन्ही बाजूंनी लाकडी टेकू देत. संध्याकाळी मी पाहिलं, सातव्यापाशी एकही लाकूड आलेलं नव्हतं.

“दादा, टेकू?”

“बाबांच्या दगडाला टेकू? वेड लागलंय का तुला?”

“मी सांगते म्हणून लाव.”

“अगं, माणसं त्या फोटोला हात जोडून कामाला लागतात. उस्तादाच्या मुलानेच टेकू लावला तर काय म्हणतील? धरणीकंप झाला तरी हलायचा नाही तो.”

मी माझे नकाशे गुंडाळायला लागले. पहिलं वचन पाळायचं तर दुसरं मोडत होतं, दुसरं पाळायचं तर पहिलं. बाबांनी दोन्ही एका दमात मागितली होती; माणूस जाताना हिशेब कुठे बघतो?

बाबांनी मला सांगितलं होतं ते एवढंच: दगड उभा राहत असताना पाचर निसटून वर आली. वर तेव्हाचे खोदकामाचे साहेब टाळ्या वाजवत होते. “पुन्हा आडवा करू या, असं म्हणायला जीभ रेटली नाही. माती-मुरूम लोटला आणि ती हत्याराच्या पिशवीत टाकली. दार लावायला गेलो की रोज दिसते बघ.”

दुसऱ्या दिवशी नाम चारवरच अडकलं. पाचवं ओठावर येईना.

खड्ड्यात पाणी झिरपत होतं, म्हणून पंप लावला होता आणि त्याचा जनरेटर कान फोडत होता. दादा उताराच्या बाजूने छातीभर खोल उतरलेला. मी ओळंबा सोडला. दोरी स्थिरावली. महिन्यापूर्वीच्या माझ्याच रेघेपासून दगडाचं डोकं तीन बोटं पुढे आलं होतं, दादाच्या दिशेने. वाटलं, वारा असेल. दोरी धरून पुन्हा सोडली. तीन बोटं.

दादाने खालून काहीतरी उंच धरलं. विटेचा तुकडा. “मॅडम!” तो ओरडला. “त्या काळी वीटभट्टी पण होती वाटतं!”

माणसं हसली. तो बाबांनी लोटलेला भराव होता.

मॅडम काठावर वाकल्या. “काळा दगड दिसतोय?”

“नाही! नुसता भुसभुशीत मुरूम!”

“म्हणजे या एका घराने शब्द दिलाच नाही की काय,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहायला लागल्या.

का कोण जाणे, ते मला झोंबलं. ज्यांनी आपल्या चुलीतून दगड उपसून दिला, त्यांच्या माथी आमची चोरी.

तेवढ्यात दगडाच्या टाचेशी माती पिठासारखी गळायला लागली. दादाची तिकडे पाठ होती.

“दादा,” मी म्हटलं. कुणी वळलं नाही. पुन्हा म्हटलं. घरात माझी हाक शेजारच्या खोलीत पोहोचत नाही, इथे जनरेटरपुढे काय पोहोचणार? मी चालत गेले आणि त्या यंत्राचं लाल बटण दाबलं.

सगळं एकदम गप्प झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मातीचा सळसळ आवाज तेवढा ऐकू येत होता.

“दादा, वर ये. तिथे पाचर नाही.”

“तुला काय माहीत?”

“बाबांनी काढली. आपल्या दारामागे आहे ती.”

तो दगडाकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. “खोटं बोलतेस.”

“वर ये आणि मग म्हण मला खोटी.”

तो आला, माझ्याशी भांडायलाच आला. त्याचा दुसरा पाय काठावर पडला आणि मागे कुणीतरी मोठा सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला. दगड सावकाश पुढे झुकला, आणि काठावर छाती टेकून थांबला. खालचं दादाचं घमेलं कागदासारखं चपटं झालं होतं.

मॅडमनी वही उघडली आणि मघाची ओळ खोडली.

रात्री जेवण झाल्यावर दादा दारामागच्या धोंड्याकडे बघत बसला.

“केव्हापासून माहीत होतं?”

“अकरा वर्षं.”

“आणि मी उतरेपर्यंत थांबलीस.”

मी मान खाली घातली. वहिनी ताटं उचलता उचलता थांबली. धोंड्याला वळसा घालून ती मोरीकडे गेली.

पाच दिवसांनी क्रेन आली. दगड पुन्हा उभा राहिला, या वेळी तिन्ही बाजूंनी टेकू देऊन. टाचेची जागा मॅडमनी मोकळी ठेवायला सांगितली. दादा माझ्याशी अजून बोलत नव्हता. पण सहाव्या दिवशी सकाळी उंबऱ्यापाशी बाबांची हत्याराची पिशवी रिकामी करून ठेवलेली होती, आणि दादाच्या चपला जागेवर नव्हत्या.

मी नाम घेतलं, अकराच्या अकरा. धोंडा उचलून पिशवीत ठेवला. दार मिटायला लागलं, तसं वहिनीने पायाने अडवलं.

“जड आहे. मी येऊ?”

“नको,” मी म्हटलं. “तुम्ही दार धरा.”

आणि पिशवी छातीशी धरून मी माळाच्या वाटेला लागले.