टाकीतलं भूत आणि कोकमाचं सरबत

"फुस्स!"

आवाज एवढासाच झाला, पण लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतली सगळी गर्दी दोन पावलं मागे सरली. बंद पडलेल्या पिकअपच्या डिझेलटाकीचं झाकण चाकनाथबाबांनी हातात उंच धरलं आणि डोळे मिटून घेतले.

"गेलं! ऐकलंत? जाताना फुत्कारून गेलं!"

"ऐकलं, ऐकलं!" माणसं हात जोडून म्हणाली. दोघेतिघे शिंकले, पण ते मिरचीमुळे. कुणीतरी भक्तिभावाने पेटती उदबत्ती टाकीजवळ नेली. कुशाबा मेकॅनिकने ती हिसकावून गटारात फेकली. त्या दिवशी झालेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम.

बाबांनी मंत्र पुटपुटत झाकण पुन्हा घट्ट बसवलं. "आता मार किल्ली, बाळा."

हितेंद्रने किल्ली दोन-तीनदा फिरवली आणि गाडी सुरू झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी मसाल्यासाठी धणे घ्यायला आले होते. शाळेतून निवृत्त झाले तरी रविवारी आमच्या चाळीच्या गच्चीवर मुलांना प्रयोग शिकवते, त्यामुळे गल्लीत मला सगळे 'बाई' म्हणतात. धण्यांची पिशवी सांभाळत मी पुढे सरकले.

दुकान जाईबाईंचं. मुलगा हितेंद्र आणि सून प्रिती धंदा बघतात. पाडव्यापासून प्रिती पिकअप चालवायला लागली. मिरची आणायला वाशीच्या बाजारात ती जाते. हितेंद्र दादर-परळला घरपोच माल टाकतो. आणि पाडव्यापासूनच या गाडीचा डिझेलचा पंप जळायला लागला. कुशाबाने तिसऱ्यांदा नवा पंप बसवला, तरी वाशीहून येताना गाडी शीवला नाहीतर वडाळ्याला बंद पडायचीच. आज तर अगदी दारात येऊन बसली होती.

"पंप जळतो हे मी सांगू शकतो," कुशाबा म्हणाला. "का जळतो, ते आता बाबांना विचारा."

बाबा तयारच होते. "पेट्रोलच्या गाडीचं भूत हलकं असतं, उडून जातं. डिझेलचं जड. तळाशी बसतं आणि पंपाला धरतं! गाडी थांबण्याआधी खालून रडण्याचा आवाज येतो की नाही?"

"येतो," प्रिती म्हणाली. "पंप बारीक आवाजात रडल्यासारखा ओरडतो, मग गाडी थांबते."

"बघा! आता मला सांग, हितेंद्रा, तुझ्या हातात कधी बंद पडली?"

"एकदापण नाही."

बाबा नुसते हसले. सगळ्या गल्लीने वळून प्रितीकडे पाहिलं.

"गाडीच्या राखणदाराला बाईमाणसाचा हात चालत नाही. किल्ली काढून घ्या. नाहीतर आज पंप जळतोय, उद्या धंदा जळेल."

जाईबाईंनी पदराने डोळे टिपले. "मी सांगी होतंय, गाडयेर कोणाची तरी नजर आसा." मग सुनेकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. प्रितीने गाडीतली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी ती तिच्या नूपुरला घेऊन माझ्याकडे आली. नूपुर पाचवीत आहे, रविवारच्या वर्गात सर्वांत जास्त प्रश्न तीच विचारते.

"बाई, तुमचा भुतावर विश्वास नाही, मला माहितेय," प्रिती म्हणाली. "पण गाडी माझ्याच हातात बंद पडते हे तर खरंय ना? सगळं घर सांभाळून मला ते वाशीपर्यंतचं ड्रायव्हिंग आवडत होतं हो. तेवढंच माझं होतं."

मी काही बोलण्याआधी नूपुर म्हणाली, "पप्पा वाशीला कधी गेले?"

"ते कशाला जातील? ते दादरला जातात."

"मग गाडी आईला थांबते की वाशीला थांबते, हे कसं कळणार?"

मी तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. एवढ्या गर्दीत हा प्रश्न एकाही मोठ्या माणसाला सुचला नव्हता. मलासुद्धा.

"बाई, अजून एक," लाडू खाता खाता ती म्हणाली. "ती फुस्स बाहेर जात होती की आत येत होती?"

मग मी तिच्याकडून एक बाटली तयार करून घेतली. त्या बाटलीचं पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी मी जाईबाईंना म्हटलं, "आज हितेंद्रला वाशीला पाठवा. टाकी फुल करा, झाकण होतं तसंच घट्ट लावा. बाबांचं खरं असेल तर गाडी थांबणार नाही."

"थांबायची बिशाद नाही," बाबा म्हणाले. "मी स्वतः शेजारी बसतो."

हितेंद्र, बाबा आणि खिडकीशी मी, असे आम्ही निघालो. मागून स्कूटरवर प्रिती आणि नूपुर. वाशीला जाईपर्यंत बाबांनी प्रत्येक सिग्नलला आशीर्वाद दिला. मिरचीची पोती भरून परत फिरलो. चेंबूर गेलं. बाबा मला म्हणाले, "काय बाई, विज्ञान काय म्हणतं?"

तेवढ्यात खालून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग रागावल्यासारखा. शीवला पूल उतरताच गाडीने दोन आचके दिले आणि ती कडेला जाऊन थांबली.

हितेंद्रने आपल्या हातांकडे पाहिलं. "बाबा, हे तर माझे हात आहेत."

बाबांनी क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई केबिनमध्ये बसल्यात ना! सावली पडली!"

"मग तुम्ही आमच्या मध्ये कशाला बसला होतात?" हितेंद्रने विचारलं.

एप्रिलचं ऊन, मागे मिरची, घाम आणि खोकला. प्रिती स्कूटर लावून आली. बाबा झाकणाकडे धावले, तशी नूपुर आडवी आली. "बाबा, आधी सरबत घ्या. तुमचा घसा सुकलाय."

काचेच्या बाटलीत कोकमाचं सरबत, त्यात नळी आणि नळीभोवती बाटलीचं तोंड ओल्या शाडूच्या मातीने गच्च लिंपलेलं. ही माती आमच्याकडे मूर्तीच्या कारखान्यांतून हवी तेवढी मिळते.

"मातीला हात लावू नका, नुसतं ओढा," नूपुर म्हणाली.

बाबांनी ओढलं. एक घोट आला. पुन्हा ओढलं. काही नाही. आणखी जोर लावला तसे गाल आत गेले, डोळे बाहेर आले आणि नाकातून बारीक आवाज निघाला. तो आवाज आणि मघाचा गाडीखालचा आवाज सख्खे भाऊ वाटावेत, असा.

रस्त्यावरची चारदोन माणसं जमली. हितेंद्र हसू दाबत म्हणाला, "बाबा, तुमच्या पंपाला पण धरलं वाटतं!"

"बाटलीत काहीतरी केलंय!" बाबा धापा टाकत म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आत हवा जायची वाट बंद केलीय. सरबत बाहेर आलं की त्याची जागा हवेने घ्यायला हवी. हवा आत जात नसेल, तर उरलेलं सरबत तुम्ही कितीही ओढा, वर येणार नाही. पंपाचंही तसंच. तो बिचारा ओढत राहतो, तापतो आणि जळतो."

नूपुरने काडीने मातीत भोक पाडलं. छोटीशी फुस्स झाली. "ओढा आता." बाबा अजून रागातच ओढत होते, त्यामुळे सरबत थेट नाकात गेलं.

मग प्रितीने टाकीचं झाकण थोडंसंच सैल केलं. फुस्स! कालच्यासारखीच.

"हात पुढे कर," मी हितेंद्रला म्हटलं, "आणि हवा कुठे जाते ते बघ. हवा आत खेचली जातेय. बाहेर कोणीही पडलेलं नाही."

झाकणावर राक्षसाचा काळा रबरी मुखवटा चिकटवलेला होता, जीभ बाहेर काढलेला. मी केसांतली पिन काढून तो उचकटला. खाली झाकणाच्या मधोमध सुईच्या जाडीचं भोक होतं, चिकटवायच्या सोल्यूशनने बुजलेलं. टाकीला श्वास घ्यायला कंपनीने ठेवलेलं.

"हा मुखवटा कधी लावला?"

"पाडव्याला," प्रिती हळूच म्हणाली. "मी पहिल्यांदा गाडी काढली, त्या दिवशी आईंनी लावला. मला नजर लागू नये म्हणून."

सगळ्यांनी पाडव्यापासून बदललेली एकच गोष्ट पाहिली होती, सून. झाकणाकडे कोणी पाहिलंच नाही. दादरच्या फेऱ्या छोट्या, थोडं डिझेल खपलं की गाडी माल उतरवायला उभी राही, त्या वेळात झाकणाच्या फटीतून थोडी हवा शिरे. वाशीच्या फेरीत तेवढी उसंत कुठली?

भोक मोकळं करून झाकण पुन्हा लावलं. हितेंद्र ड्रायव्हरच्या दाराशी गेला, थांबला आणि किल्ली प्रितीला दिली. मग दोघा पुरुषांना उद्देशून प्रिती म्हणाली, "स्कूटर कोण घेतं? आणि बाबा, केबिनमध्ये जागा आहे, पण बाईमाणसाच्या हातातली गाडी आहे. चालेल ना?"

बाबांना एकाएकी बस आठवली.

लालबागला पोहोचेपर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही. गल्लीत सगळी हकिगत ऐकून कुशाबाने कपाळावर हात मारला. "तीनदा पंप बदलला आणि झाकण बघायचं राहिलं!" जाईबाई मात्र मुखवट्याकडे टक लावून बसल्या.

"म्हणजे ह्यां भूत मियाच चिकटवलंय?"

"आजी, तू मायेनेच लावलंस," नूपुर म्हणाली. "फक्त भोक सोडून लावायचं होतं."

जाईबाई हसल्या, मग रडल्या आणि सुनेला म्हणाल्या, "उद्या वाशीक जातंस मां? बेडगी मिरची सपली हा." त्यानंतर सगळा हंगाम प्रितीने गाडी चालवली. पंप अजून तोच आहे.

तो राक्षस आता माझ्या वर्गात भिंतीवर लटकतो. नूपुरने त्याच्या जिभेला भोक पाडलंय. नवीन मूल आलं की विचारतं, हे कोण? मग मी बाटली, नळी आणि शाडूची माती काढते. सरबत प्यायला देते आणि गाल आत गेले की एवढंच सांगते. मुलांनो, काही बिघडलं की माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका. काय काय बदललं ते सगळं बघा, मग एकेक गोष्ट बदलून बघा. आणि कोणी चमत्कार म्हणून फुस्स ऐकवली, तर हात पुढे करून हवा कुठल्या बाजूने वाहते तेवढं तपासा.