सत्काराची धास्ती

ऋतुजा पहिल्या दिवशी आली तेव्हा मला "आजी" म्हणाली. मी तुमची आजी नव्हे, असं मी तिला सांगितलं. दुसरी कोणी गोरीमोरी झाली असती. हिने शांतपणे विचारलं, मग काय म्हणू? शाळेत पोरं बाई म्हणायची, तेच म्हणा, असं म्हटल्यावर लगेच "बरं, बाई" म्हणून मोकळी झाली. संशयाची पाल तेव्हाच माझ्या मनात चुकचुकली. इतकं पटकन ऐकणाऱ्या मुलीच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे आयुष्यभर वर्ग सांभाळून मला पक्कं माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने माझा डावा हात आणि डावा पाय गेला. तेव्हापासून नारायण पेठेतल्या आमच्या घरात मी चाकाच्या खुर्चीवर असते. ऋतुजा मूळची लोणी काळभोरची. खराडीच्या एका केंद्रात ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा जमवून देणारी. माझ्या मुलाने, शौनकने, मला न विचारता तिला नेमलं. एका हाताने केस विंचरणं, भाजी चिरणं, इथवर माझी तक्रार नव्हती. पण एक दिवस ती विचारू लागली, "बाई, पूर्वी संध्याकाळी कुठे जायचात?"

तिला काय करायच्या होत्या नसत्या चौकशा? कुठे जात नव्हते, असं मी सांगितलं. ते धादांत खोटं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक संगीत मंडळ आहे आणि लग्न होऊन इथे आल्यापासून मी तिथली बैठक सहसा चुकवलेली नव्हती. आजारानंतर मंडळाने पायऱ्यांशेजारी माझ्यासाठी उतार बांधला, तेव्हा मी हुरळून गेले होते. गेल्यावर कळलं की उतार सभागृहात जातच नव्हता. तो थेट रंगमंचावर जात होता.

कारण माझा सत्कार ठरला होता. चिटणीस गोपाळकृष्ण दामल्यांनी मला गायकाच्या शेजारी नेऊन ठेवलं, खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. चालता हात नारळात अडकल्यामुळे घसरणारी शाल सावरता येईना. दामले माझ्या जिद्दीवर बोलत राहिले, मागे बिचारे साथीदार तानपुरे जुळवून बसलेले. कोणी रुमालाने डोळेसुद्धा टिपले. पुढे वर्षभरात पुन्हा दोनदा गेले, दोन्ही वेळा तेच. अंथरुणातून उठून गाण्याला येणं हा यांच्या लेखी पराक्रम होता. मला गाणं ऐकायचं होतं आणि त्यांना मला मिरवायचं होतं. मी जाणं सोडलं आणि गाणं सुटल्यावर माझं काय उरलं, हे मी शौनकलाही सांगितलं नाही.

ऋतुजा मात्र विचारतच राहिली. एका जागी किती वेळ बसवतं? बाहेर जायचं असलं की दुपारपासून पाणी पीत नाही का? हे पाण्याचं तिला कसं कळलं? गर्दीत कोणी खुर्चीला हात लावला तर काय वाटतं? मी उडवाउडवीची उत्तरं दिली. मग एके दिवशी आमच्या स्वयंपाकाच्या मैनाबाई बातमी घेऊन आल्या. ती पोरगी मंडळाच्या सभागृहात टेप घेऊन दारं मोजत होती आणि दामले तिच्या मागे मागे फिरत होते.

पुढच्या खेपेला मी कान टवकारून बसले. तिचा फोन वाजला, ती गॅलरीत गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाईंना यातलं काही कळू देऊ नका, काका. शनिवारी मी त्यांना घेऊन येते."

म्हणजे दामल्यांशी तिचं संगनमत झालं होतं. या वेळी केंद्राचाही फलक लागणार आणि फोटोत माझ्या खुर्चीमागे ऋतुजा उभी राहणार. आमच्यामुळे बाई घराबाहेर पडल्या, असं सगळीकडे छापून येणार. मला इतका राग आला की तिला त्याच दिवशी घालवून द्यावं असं वाटलं. पण मी तसं केलं नाही. शनिवारी जायचं, माइक हातात आला की एकेकाची सालटी काढायची आणि मग कायमचं घरी बसायचं, असं ठरवलं. पुढचे दिवस मी मनातल्या मनात भाषण घोळवत होते.

शनिवारी ती मला घेऊन गेली. उताराचं तोंड आता सभागृहाकडे वळवलेलं होतं. तिने आधी मला स्वच्छतागृह दाखवलं. दार बाहेर उघडणारं केलं होतं आणि माझ्या उजव्या हाताला येईल असा दांडा बसवला होता. बोकडालाही कापण्यापूर्वी पाणी पाजतात, असं मी स्वतःला बजावलं. तिसऱ्या रांगेत कडेची एक खुर्ची काढून माझ्यासाठी जागा केली होती. पहिल्या रांगेत का नाही, याचाही मला संशय आला.

तेवढ्यात दामले माइकसमोर आले. ते म्हणाले, "गाण्याआधी आपल्यातल्या एका सभासदाविषयी मला दोन शब्द बोलायचे आहेत." मी पदर सावरला आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर आणलं. "त्यांनी फाटकात पांढरी स्कूटर लावून ठेवली आहे. ती काढल्याशिवाय गाणं सुरू होणार नाही."

एक गृहस्थ मान खाली घालून बाहेर गेले आणि गाणं सुरू झालं. मी तरीही सावध होते. मध्यंतरात दामले चहा घेऊन आले तेव्हा शाल कुठे लपवली आहे ते मी शोधत होते. ते कुरकुरले की तुमच्या त्या मुलीने आम्हाला तुमचं नाव घ्यायलासुद्धा बंदी केली आहे. निदान एक नारळ तरी द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ती ऐकेना. वर, या दुरुस्त्यांचं आधी सांगितलंत तर बाईंचं लक्ष गाण्यात न राहता तुमच्यावरच राहील, असंही म्हणाली.

मी ऋतुजाकडे पाहिलं. ती बिस्कीट खात होती.

उत्तरार्धात बागेश्री होता. लहानपणी शिकलेली बंदिश निघाली आणि मी कुठे बसले आहे, हेच विसरून गेले. मागून कोणीतरी माझ्या खुर्चीच्या दांड्यावर बोटाने टकटक केलं. मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ पुढे वाकले होते.

"अहो बाई, आम्ही त्यांचं गाणं ऐकायला आलो आहोत, तुमचं नाही. गुणगुणणं बंद करा."

ऋतुजा त्यांना काही सांगायला उठू लागली. मी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. दोन वर्षांत माझ्याशी सगळे गोड आणि हळू आवाजात बोलत होते. मला कोणी रागावलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते पुसायचं भानही मला राहिलं नाही.

"चुकलं माझं," मी त्या गृहस्थांना म्हटलं आणि पुन्हा गाणं ऐकू लागले.