उलटा फेरा

रेडिमेड कपड्यांवरून दोघा भावांचं बिनसलं, त्याला चार-पाच वर्षं झाली. थोरल्या कल्याणरावांना ताग्याचं कापड सोडवत नव्हतं, धाकट्या श्रीशैलला शिवलेले शर्ट विकायचे होते. भांडण इतकं वाढलं की दुकानात मधोमध भिंत आली. मग बसस्टँडसमोर काचेचं मोठं शोरूम निघालं आणि दोघांवरही माशा मारायची पाळी आली.

रक्तातल्या साखरेपायी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेही दोघांना. बीडच्या बाहेर नगरपालिकेनं ऐसपैस बाग केली होती. दोन तळी, निंब-सीताफळांचं रान, त्यातून मातीच्या वाटा. श्रीशैलच्या मागं चालायला नको म्हणून कल्याणराव उलट बाजूनं फिरायचे. झालं असं, की दर फेऱ्याला भाऊ समोरूनच यायचा. मग एकजण पाण्याकडं बघायचा, दुसरा झाडांकडं. चालण्यापेक्षा या मान वळवण्याचाच कल्याणरावांना जास्त शीण यायचा.

त्या सकाळी श्रीशैल समोर आलाच नाही. बरं झालं, म्हणत ते बांधावरून पुढं गेले, पण पाय काही उचलेनात. रानाच्या वाटेला लागले, तर बाग झाडणारी गीताबाई ओरडली, "ओ मालक, हिकडं या! ह्यो माणूस बोलंना झालाय!"

श्रीशैल निंबाला टेकून थरथरत होता. सदरा घामानं चिंब.

"उपाशीपोटी गोळी घेतली का बे?" कल्याणरावांच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं नुसती मान डोलावली. गीताबाईनं आपल्या भाकरीच्या फडक्यातला गुळाचा खडा काढला. कल्याणरावांनी तो भावाच्या तोंडात घातला आणि त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसले. किती हलका झालाय हा, त्यांना वाटलं.

बऱ्याच वेळानं श्रीशैलची नजर थाऱ्यावर आली. "आण्णा, दुकानाचं..."

"ऱ्हाऊ दे. भांडायचा दम न्हाई आता."

"मला तरी कुठं हाय?"

कल्याणरावांनी त्याला हाताला धरून घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी श्रीशैल तळ्याकाठच्या बाकावर बसलेला दिसला. कल्याणराव शेजारी टेकले.

"चालायचं न्हाई का?"

"बसू जरा."

"बसू." कल्याणरावांनी चपला काढून पाय लांब केले.