सिरिलचा मग

सिरिल लढाईत जर्मनांच्या गोळीने गेला, तरी पबच्या आकड्यावर त्याचा मग लटकतच होता. नेहमीचं गिऱ्हाईक मेलं तरी त्याचा मग खाली काढायचा नाही, अशी इंग्लंडात लँकशायरमधल्या त्या गिरणगावाची रीत. सिरिलचा बाप विल्फ रोज त्या मगाखालीच बसायचा.

युद्धकैदी म्हणून आलेला जर्मन एवाल्ड गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर झाला, तेव्हा सगळा पब पेटला. मालक पर्सी तर टेबलावर मूठ आपटून ओरडला, "सिरिल उभा राहायचा त्या जागी हा नाझी? आमच्या पोराचं रक्त काय पाणी होतं?" मैदानात लोक एवाल्डवर थुंकले. एकटा विल्फ म्हणायचा, "अरे, त्यानेच मारलाय का माझा पोरगा? खेळू द्या की."

"तू बाप आहेस का कोण?" पर्सीने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

पुढच्या वसंतात एवाल्डने शेवटच्या क्षणी पेनल्टी अडवली आणि कप गावात आला. लोक त्याला खांद्यावर घेऊन पबमध्ये शिरले. पर्सीने सिरिलचा मग आकड्यावरून काढला, फडक्याने धूळ पुसली आणि काठोकाठ भरून एवाल्डच्या हातात दिला.

"कुणाचा हा?" एवाल्डने विचारलं.

"आता तुझाच. उगाच लटकत होता."

टाळ्या कडाडल्या. विल्फ उठला. वर्षभर जी शिवी त्याच्या तोंडून निघाली नव्हती, ती आता निघाली.

"खाली ठेव तो, नाझी कुत्र्या!"

पर्सीच पुढे आला.

"लाज वाटू दे, विल्फ. आपलं पोर आहे ते."