पक्ष अ, वय बहात्तर

"एका पक्षानं एकांतात सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. जीभ भाजली तरी," आमच्या बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या. वाद-निवारणाच्या एम.ए.चा वर्ग. बावीस-तेवीस वर्षांची दहा मुलं आणि पंचेचाळिशीची मी. मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला गरज वाटली नाही. सकाळी उठल्यापासून देवापुढचं बसणं होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा लग्नापासूनचा नेम. गप्प राहणं अंगवळणी पडलेलं. आई मला मुकीच म्हणते. प्रवेश घेतला तेव्हा म्हणाली, "मुकी आता लोकांची भांडणं सोडवणार! खाणाखुणा करून?"

दुसऱ्या वर्षी तीन खरी प्रकरणं हाताळायची होती. दोन मला समेट केंद्रातून मिळाली. एक जिन्यात काढलेल्या चपलांचं, दुसरं शेजाऱ्याच्या कुत्र्याचं. तिसरं काही मिळेना, आणि आमच्या घरात तर एकोणीस वर्षांचं भांडण पडून होतं. आई आणि तिची थोरली बहीण, माझी मावशी. दोघींच्या घरांत दोन चौकांचं अंतर, पण बोलणं बंद.

कारण आजी. आजी मावशीकडे होती. शेवटचे तीन दिवस ती अंथरुणाला खिळली, पण मावशीनं आईला कळवलं ते सगळं आटोपल्यावर. "माझ्या आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला," एवढं एकच वाक्य आई एकोणीस वर्षं बोलत आली.

नात्यातलं प्रकरण घ्यायचं नाही, हा बाईंचा दुसरा नियम. तो मी मोडला आणि पहिला पाळला. उलटं केलं असतं तर किती बरं झालं असतं.

अहवालात नावं नसतात, म्हणून कुणाला कळणार नव्हतं. मी दोघींकडून संमतीपत्रावर सह्या घेतल्या. आईनं चष्मा लावून कागद वाचला.

"पक्ष ब? मी पक्ष ब?"

"आई, तशी पद्धत असते."

"नऊ महिने पोटात वागवलं, त्याचं हे फळ. आणि ती पक्ष अ! तिथंही तिचाच पहिला नंबर."

पण सही केली. मला वाटतं, तिलाही वाट हवी होती.

आधी दोघींशी वेगवेगळं बोलायचं असतं. मावशीच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. ती भाजी निवडत होती. मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं? तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली.

"तुझी आजीच म्हणाली, धाकटीला कळवू नकोस. तू दवाखान्यात होतीस ना. बाळंतपण झालेलं आणि रक्त थांबत नव्हतं. तुझी आई तुझ्या उशाशी. आजी म्हणाली, ती इकडं आली आणि तिकडं पोरीचं काही झालं, तर जन्मभर स्वतःला माफ करायची नाही."

माझी लेक आता एकोणीस वर्षांची आहे. ती जन्मली तो आठवडा मला धड आठवतही नाही.

"मग हे आईला का नाही सांगितलंस?"

"तुझ्याकडे बघून तिला तेच आठवत राहिलं असतं, की हिच्यापायी आईची भेट चुकली. माझ्यावर चिडली तर काय, मी बहीण आहे, मला सवय आहे." मग ती हळूच म्हणाली, "समोर बसलो की सांगेन मी. माझ्या तोंडानं. तू बोलू नकोस हं."

रविवारी केंद्रातल्या लहान खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. मी मधे. आईनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती, बसमधे धरतात तशी. मावशीनं सुरुवात केली, "धाकटे, त्या वेळी..."

"त्या वेळी काय? त्या वेळी तुला मालकीण व्हायचं होतं आईची. झालीस ना?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा कोराच ठेवला. शिकवलं तसा. मनात आकडे मोजत राहिले, कारण शांतता लांबली की माणूस बोलतो. मी चाळीसपर्यंत पोचले. मावशी बोलली नाही. आई उठली, पदर सावरला आणि निघून गेली.

अहवालावर बाईंनी समासात लिहिलं, "कमालीचा संयम." वर्गात तो वाचून दाखवला. मी खाली मान घालून ऐकत होते आणि, खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं होतं.

पाच महिन्यांनी मावशी दवाखान्यात गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी रोज जायची. एके दुपारी तिनं माझं मनगट धरलं. "मी गेल्यावर सांग तिला. आधी नको. सांगशील ना?"

"सांगेन."

चौथ्या दिवशी ती गेली. आई शेवटच्या दर्शनालाही आली नाही. म्हणाली, "तिनं मला बोलावलं होतं का, माझी आई गेली तेव्हा?"

यालाही आता दीड महिना झाला. रोज मी ठरवायची, आज सांगू. सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की मला माहीत होतं. ती पर्स धरून बसली होती तेव्हा माहीत होतं, आणि मावशीला श्वास लागला होता तेव्हाही.

काल तोंडी परीक्षा होती. बाईंनी अहवाल उघडला. मी म्हणाले, "बाई, पक्ष अ म्हणजे माझी मावशी. ती वारली. आणि पक्ष ब माझी आई." सगळं सांगून टाकलं. आता मार्क कापतील, हाकलतील, काहीही करोत.

बाईंनी चष्मा काढला. ओरडल्या नाहीत. "तुम्ही मावशींना एकदा तरी विचारलंत का?"

"काय?"

"की मी आईला सांगू का? परवानगी मागता येते हो. त्या खोलीत बैठक थांबवून मावशींना बाजूला न्यायचं, विचारायचं. नियमातच आहे ते. दवाखान्यातही विचारता आलं असतं, आत्ता का नको म्हणून."

विचारलं नव्हतं. मला सुचलंच नाही. एकदा गप्प राहायचं ठरलं तरी त्याला फट असते, हे मी कधी शिकलेच नाही. मावशी "आधी नको" म्हणाली आणि मी मान डोलावली. मी थोडा हट्ट करावा, असंच कदाचित तिला हवं होतं.

बाई म्हणाल्या, "निकालाचं मी बघते. आईंना कधी सांगणार?"

आज देवापुढे बसले तेव्हा काही मागितलं नाही. मागायचं तोंड राहिलेलं नाही. लेक अजून झोपली होती. तिच्या अंगावरचं पांघरूण सरळ केलं, नवऱ्याला म्हणाले, "आईकडे जाऊन येते, उशीर होईल."

"एवढ्या सकाळी? काही झालं का?"

"आल्यावर सांगते."

दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले.