उदाजीरावांची एकेचाळीस वर्षांची थाप

मी एक शेकर बोलतोय. देवासच्या एका जुन्या क्लबातला, पितळेचा, वर चांदीचं पाणी दिलेला. बर्फ, रस नि दारू पोटात घ्यायची आणि गदागदा हलायचं, एवढाच माझा धंदा. तेव्हा बोलताना थोडा डचमळलो तर सांभाळून घ्या.

एकेचाळीस वर्षं मी एकाच हातात वाजलो. तो हात बारटेंडर उदाजीरावांचा. घराणं दरबारी, आजोबा राजवाड्यावरचे मानकरी. स्वतः कधी थेंबाला शिवले नाहीत, पण समोरच्याला काय हवंय ते तो खुर्ची ओढायच्या आत ओळखायचे. पंचाईत एकच होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धारला मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी नोकरी विचारली आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "क्लबाच्या वाचनालयात आहे." लग्न झालं. थाप तशीच राहिली.

यंदा मार्चअखेरीला ते निवृत्त झाले. सेक्रेटरी अंबरीशनं समारंभाचं आमंत्रण परस्पर घरी धाडलं, आणि त्यांच्या पत्नी उमाबाई येते म्हणाल्या. उदाजीरावांचा चेहरा असा झाला की वाटलं, आता हे माझ्यातच उडी मारतात.

मग सगळा क्लब त्यांना वाचवायला धावला. बाटल्यांवर चादरी पडल्या. 'वाचनालय' अशी पाटी लटकली. पुस्तकं म्हणून एक पंचांग आणि रेल्वेचं जुनं वेळापत्रक, एवढंच सापडलं. मला बॅडमिंटनच्या चषकांत उभं केलं. माझं झाकण हसून हसून खडखडत होतं.

दुपारी चारला चौकीदार फत्तेसिंग धापा टाकत आला. "भिया, भाभीजी आ गईं."

भाषणं झाली. जो तो उदाजीरावांच्या ग्रंथप्रेमावर बोलला. एकानं तर डोळ्यांना रुमाल लावला. शेवटी उमाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, पदर सावरला.

"अहो, तहान लागलीय. तुमच्या हातचं काहीतरी करून द्या. तो चषकांतला शेकर घ्या."



"तुला ठाऊक होतं?" उदाजीरावांनी कसंबसं विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून. रोज हातांना लिंबाचा वास. वाचनालयात काय पुस्तकं पिळत होता?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

उदाजीरावांनी मला उचललं. लिंबू, पुदिना, आलं, काळं मीठ, बर्फ. जन्मात पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला. पण शेकरचं एक बरं असतं, हात थरथरला तरी काम होतंच. उमाबाईंनी पेला एका दमात संपवला आणि म्हणाल्या, इतकी वर्षं हे परक्यांना पाजलंत होय? उदाजीराव डोळे पुसता पुसता इतके हसले की धक्क्यानं मागच्या चादरी घसरल्या आणि साऱ्या बाटल्या उघड्या पडल्या.

क्लबानं मला त्यांच्याच पदरात घातलं. आज घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. माझ्या पोटात कैरीचं पन्हं आहे, आणि उमाबाई धारहून आलेल्या आपल्या ऐंशी वर्षांच्या मावशींना ठणठणीत आवाजात सांगताहेत, "आमचे हे बारटेंडर होते."

मावशींनी चष्मा वर केला. उदाजीरावांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग रिकामा पेला पुढे धरला. "जावईबापू, मला जरा तिखट करा."

मंडळी, तुमच्याकडे एखादं भांडं घासूनपुसून कपाटात बसवलेलं असेल, तर त्याला बाहेर काढा, खडखडू द्या. आता मला रजा द्या. मावशींना तिखट हवंय.